डेल्फिनला जाग येते तो शुक्रवार

वर्ना ट्रेडवेल अकरा वर्षं बेशुद्ध होती, आणि त्या अकरा वर्षांत कामावर एकदाही उशिरा आली नव्हती.

लॉस एंजलिसजवळ बरबँकच्या चार नंबरच्या स्टुडिओत ‘अखेरचा किनारा’ ही मालिका तयार होई. हा अखेरचा किनारा गेली सत्तावीस वर्षं, शनिवार-रविवार वगळता रोज दुपारी दोन वाजता, संपायचं नाव घेत नव्हता. वर्ना त्यात डेल्फिन व्हिटकॉम होती. डेल्फिन म्हणजे जहाजांच्या मालकाची लेक. लग्नं चार, त्यातली दोन एकाच माणसाशी. १९८३ साली वर्नाच्या आईच्या खुब्याचं ऑपरेशन निघालं आणि वर्नाने ओहायोला जायला सहा आठवडे मागितले. तेव्हाच्या मुख्य लेखकाने, भला माणूस, डेल्फिनला दीपगृहाच्या जिन्यावरून पाडलं आणि बेशुद्ध करून इस्पितळात टाकलं. सहा आठवड्यांनी वर्ना परतली तोवर लेखकच नोकरी सोडून हवाईला निघून गेला होता. नव्या लेखकाने येऊन पाहिलं तर एक बाई खाटेवर पडलेली. ती का पडली आहे हे विचारायची त्याला लाज वाटली. त्याने तिला तशीच राहू दिली.

थोड्याच दिवसांत त्याला कळलं की आपल्या हाती घबाड लागलं आहे. दुपारच्या मालिकेची अडचण अशी, की गावात तीस माणसं आणि प्रत्येकाच्या पोटात एक गुपित. ते प्रेक्षकांना तर कळलं पाहिजे, पण गावात कुणाला कळता कामा नये. भिंतीशी बोलणारा माणूस वेडा दिसतो. बेशुद्ध बाईशी बोलणारा प्रेमळ दिसतो. मग काय, सगळं गाव रांगेने डेल्फिनच्या उशाशी येऊन बसू लागलं. वर्ना सगळ्याची मोजदाद ठेवी. आजवर तिच्या कानावर घातलेले खून तीन, जाळपोळी दोन, खोटी मृत्युपत्रं सात, अदलाबदल झालेली बाळं चार. त्यातल्या एका बाळाची अदलाबदल दोनदा झाली होती, म्हणजे ते आपल्या खऱ्या घरीच वाढत होतं; पण हे डेल्फिनशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

तिची कारकीर्द आधीही काही तोंडाने गाजलेली नव्हती. सँडस्की गावात बापाचा बोलिंगचा हॉल. बाविसाव्या वर्षी बस पकडून ती लॉस एंजलिसला आली. पहिलं काम फरशीच्या मेणाच्या जाहिरातीत मिळालं. त्यात तिचे फक्त गुडघे दिसले. मग सहा वर्षं, चार वेगवेगळ्या मालिकांत नर्स होऊन ती “डॉक्टर, लवकर!” एवढंच म्हणत राहिली. तिची आई शेजारणींना सांगे, “आमच्या वर्नाला बघायचं म्हणजे आधी कुणीतरी मरायला टेकलं पाहिजे.” डेल्फिन मिळाली तेव्हा तिला पहिल्यांदा लांब वाक्यं मिळाली. आठ वर्षं ती भरभरून बोलली. आणि मग जिना.

पण पडून राहण्यातही कसब असतं, हे तिच्याइतकं त्या धंद्यात कुणाला माहीत नसेल. श्वास पोटाने घ्यायचा. छातीने घेतला की पांघरूण हलतं. मिटलेल्या पापण्यांखाली बुबुळं फिरू नयेत म्हणून नजर नाकाच्या शेंड्यावर धरायची. समोरचा रडत असताना आवंढा गिळायचा नाही. नाक खाजलं तर ओहायोचे जिल्हे मनात मोजायचे. अठ्ठ्याऐंशी आहेत, चाळिसाच्या आसपास खाज जाते.

ही झाली कॅमेऱ्यापुढची नोकरी. कॅमेऱ्यामागे आणखी एक होती, तिचा उल्लेख कुठल्या करारात नव्हता. दोन दृश्यांच्या मधे दिवे हलवत असताना वर्ना खाटेवरून उठत नसे. उठली की केस विस्कटत आणि मेकअपवाल्या ओफेलियाची बोलणी खावी लागत. ती डोळे मिटून पडून राही. आणि उशाशी बसायची सवय लागलेली माणसं, दृश्य नसतानाही, तिथे येऊन बसत. तिचा पडद्यावरचा नवरा थॉर्न, म्हणजे रॉल्फ हॅस्केल, एकदा दबक्या आवाजात म्हणाला, “वर्ना, माझे केस माझे नाहीत.” ते साऱ्या स्टुडिओला दिसत होतं, पण सांगताना त्याचा आवाज कापला. फ्लोअर मॅनेजर गस मेटाक्सासने सांगितलं की बायकोला तो दर रविवारी चर्चला गेल्याचं सांगतो आणि घोड्यांवर पैसे लावतो. खुद्द निर्माता लेलंड प्राउटी एका दुपारी सँडविच घेऊन बसला आणि म्हणाला, “मी ही मालिका कधी पाहिलेली नाही गं. एक भागसुद्धा नाही. मला दुपारी झोप येते.”

वर्नाने यातलं अक्षर कधी बाहेर काढलं नाही. तिने फक्त एक गोष्ट स्वतःसाठी ठेवली होती. जाग येईल त्या दिवशी डेल्फिन काय बोलेल, ते ती घडवत होती. पहिल्या वर्षी ते दीड पानाचं भाषण होतं, त्यात क्षमा होती, समुद्र होता. चौथ्या वर्षी समुद्र गेला. सातव्या वर्षी क्षमाही गेली. अकराव्या वर्षी एकच वाक्य उरलं, आणि ते इतकं खरं होतं की ते बोलायच्या नुसत्या कल्पनेने तिला खाटेवर सुख वाटे. नोव्हेंबर चौऱ्याण्णवमध्ये ती एक्कावन्न वर्षांची होती, आणि तिला जगाकडून त्या वाक्याखेरीज काही नको होतं.

नोव्हेंबरात वाहिन्यांची मोजणी असते, कुणाला किती लोक बघतात त्याची. त्या दिवसांत गाव जळतं, मेलेले परत येतात. ऑक्टोबरच्या शेवटी नव्या मुख्य लेखिकेने, सत्तावीस वर्षांतल्या अकराव्या, जाहीर केलं: डेल्फिन जागी होणार.

वर्ना त्या दिवशी घरी गेली ती तीन वेगवेगळ्या आवाजांत आपलं वाक्य म्हणत. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मेकअपच्या खुर्चीत बसली. बेशुद्ध बाईला तयार करायला दीड तास लागे. खोट्या पापण्या, गालाला लाली, ओठांना रंग. ओफेलिया बॅरागान हे काम अकरा वर्षं करत होती आणि करताना कधी गप्प बसली नव्हती. आज ती गप्प होती.

“काय झालं गं?” वर्नाने विचारलं.

“काही नाही. हनुवटी वर कर.”

“ओफेलिया.”

“मला एक नवा चेहरा दिलाय तयार करायला. सोमवारपासून.” ओफेलियाने ब्रश खाली ठेवला. “सव्वीस वर्षांची आहे. दात बघावेत नुसते.”

“कोण म्हणून?”

“तू म्हणून.”

त्या धंद्यात हे कुणाला वावगं वाटत नाही. नट बदलला की भागाच्या सुरुवातीला एक गंभीर आवाज सांगतो, अमक्याची भूमिका आजपासून तमके करीत आहेत, आणि गाव पुढे चालू लागतं. थॉर्नचा भाऊ एका शुक्रवारी सहा फुटांचा होता आणि सोमवारी साडेपाच फुटांचा. बायकोने त्याला त्याच्याच कोटात घट्ट मिठी मारली आणि म्हणाली, थकलेला दिसतोस. पण डेल्फिन बदलेल असं वर्नाच्या ध्यानीमनी नव्हतं. अकरा वर्षं मिटलेले डोळे तिचे, आणि उघडणार दुसरीचे!

ती तशीच, एक पापणी लावलेली आणि एक न लावलेली, लेलंडच्या खोलीत गेली. लेलंड सगळ्यांना डार्लिंग म्हणे, कारण त्याला नावं वेळेवर आठवत नसत.

“बस, डार्लिंग. तू नाराज आहेस. मला दिसतंय, एका डोळ्यात तरी.”

“लेलंड, ती सव्वीस वर्षांची आहे. डेल्फिनला तीस वर्षांची मुलगी आहे.”

“हो, पण विचार कर. अकरा वर्षं बाई झोपली. ऊन नाही, काळजी नाही, सिगारेट नाही. माणूस ताजातवाना नाही का होणार? मी चार दिवस पाम स्प्रिंग्जला झोपलो तर माझी बायको म्हणाली, किती तरुण दिसतोस!”

“म्हणजे झोपून पंचवीस वर्षं कमी होतात?”

“आम्ही अकरा जणींना विचारलं, एका खोलीत बसवून, डोनट देऊन. नऊ जणींना काही अडचण वाटली नाही.”

“आणि उरलेल्या दोघी?”

“त्यांना डोनट आवडले नव्हते.”

वर्ना उठली. दारात वळून म्हणाली, “निदान डोळे तरी मला उघडू दे. उघडीन, एक वाक्य बोलेन, मग तुमची ती येऊ दे.”

“डार्लिंग, सगळी गंमत डोळ्यांतच तर आहे,” लेलंड म्हणाला, आणि खरोखर वाईट वाटल्यासारखा चेहरा केला.

ओफेलिया भडकली. “तू बोलत का नाहीस? सगळ्यांचं सगळं तुझ्याकडे आहे! एक एक उघडं कर. त्या रॉल्फपासून सुरू कर, टोपापासून.”

“ते मला नाही सांगितलेलं. ते डेल्फिनला सांगितलंय.”

“डेल्फिन तूच ना?”

“ती बेशुद्ध आहे, ओफेलिया. तिला काही आठवत नाही.”

यावर ओफेलियाने स्पॅनिशमध्ये जे म्हटलं ते इथे देत नाही.

पण स्टुडिओत बातमी वेगळ्याच वाटेने फिरली. डेल्फिन जागी होतेय, एवढंच जो तो ऐके, आणि आपण तिच्या उशाशी काय काय बोललो ते आठवू लागे. कुणाची बातमी, कुणाची डेल्फिन, याचा विचार करायच्या आत माणसं वर्नाच्या दारात हजर. गसने भोपळ्याचा केक आणला. रॉल्फने ऑर्किडची कुंडी ठेवली आणि दारातच घुटमळला.

“वर्ना, एक विचारू? तू पडलेली असताना... तुला ऐकू येतं का गं?”

“कधी कधी.”

“काय काय ऐकलंस?”

“नीट आठवत नाही.”

“केसांबद्दल काही?”

“कुणाच्या केसांबद्दल?”

रॉल्फने तिचे दोन्ही हात धरले, मोठा कलावंत असल्यासारखे डोळे भरून आणले आणि निघून गेला. आठवडाभरात वर्नाच्या खोलीत केक चार, कुंड्या सहा आणि एक हॅम जमलं. लेलंडने स्वतः चिठ्ठी पाठवली होती: ‘तुझ्यासारखी झोपणारी पुन्हा होणे नाही.’

शुक्रवार आला. दिवसाचं काम ऐंशी पानांचं, आणि सगळ्यांत शेवटी तेच दृश्य: थॉर्न उशाशी बसून कबूल करतो की जिन्यावरून त्यानेच ढकललं होतं, पांघरुणात तोंड खुपसून रडतो, आणि डेल्फिनचे डोळे उघडतात. डोळे डॅनिका फॉसचे. डॅनिका मुलगी भली होती. तिने येताच वर्नाला मिठी मारली आणि म्हणाली, “मी लहान असल्यापासून तुम्हाला बघतेय. माझी आजी तुमच्यासाठी मेणबत्ती लावते.” वर्नाला तिचा राग धरायचा होता, पण धरायला जागा सापडेना.

मात्र डॅनिकाला पडून राहता येईना. ती अभिनय शिकून आली होती. तिची बेशुद्धी भरगच्च होती: भुवया थरथरत, ओठ विलग होत, एका वेळी तर डोळ्यातून थेंब ओघळला. “बेशुद्ध! बेशुद्ध!” गस ओरडे. “तुला कुणाचं काही ऐकायचं नाहीये!” चौदा वेळा चित्रण झालं. त्यात भर म्हणजे रॉल्फला तिच्यापुढे रडू फुटेना. अकरा वर्षं तो एकाच चेहऱ्यापुढे रडत आला होता. “ही ऐकतेय असं वाटतं,” तो म्हणाला, “मला नाही जमत.”

सहाला वीस मिनिटं होती. सहा वाजले की युनियनच्या नियमाने सगळ्यांना जेवायला सोडावं लागे, आणि मग चित्रण दुसऱ्या दिवसावर जाई, म्हणजे लेलंडच्या शनिवारच्या गोल्फवर. मधे थांबून बाई बदलायची तर उशी, केस, प्रकाश सगळं पुन्हा जुळवायला अर्धा तास. शेवटी तोडगा काढला लेलंडनेच, काचेच्या खोलीतून खाली येऊन, डॅनिकाकडे वळून.

“दोघी एकाच खाटेवर! वर्ना वर, तू पांघरुणाच्या आत, पायांशी. रॉल्फ रडेल वर्नापुढे. मग तो तोंड खुपसेल, कॅमेरा त्याच्या पाठीवर जाईल. तेवढ्यात वर्ना, तू खाली सरक. डार्लिंग, तू वर ये. डोळे उघड. संपलं!”

“आणि मी?” वर्ना म्हणाली.

“तू खालीच राहा. जेवायला हाक मारू.”

अशा रीतीने वर्ना ट्रेडवेल आपल्या कारकिर्दीच्या शेवटच्या दृश्यासाठी खाटेवर चढली, आणि तिच्या पोटऱ्यांना मिठी मारून डॅनिका फॉस पांघरुणात शिरली. वरून दिवे तापत होते. डाव्या हाताला ती नेहमीची खिडकी होती, तिच्यामागे रंगवलेला समुद्र, आणि पडदा हलता राहावा म्हणून लावलेला पंखा. गसने बोटं दाखवली: पाच, चार, तीन.

रॉल्फ बसला. तिचा चेहरा पाहताच त्याला धो धो रडू आलं. “डेल्फिन, मीच होतो तो. माझाच हात होता.” वर्नाने नाकाच्या शेंड्यावर नजर धरली आणि पोटाने श्वास घेतला. इतकी चांगली बेशुद्ध ती कधीच झाली नव्हती. रॉल्फने पांघरुणात तोंड खुपसलं. कॅमेरा सरकल्याचं तिने चाकांच्या आवाजावरून ओळखलं आणि खाली सरकायला पाय हलवले.

पाय हलेनात. पोटऱ्यांवर वजन होतं, गरम, जड. वर्नाने हळूच टाचेने ढोसलं. उत्तरादाखल एक बारीक, समाधानी घोरणं आलं. पहाटे पाचला उठलेली, चौदा वेळा बेशुद्ध पडलेली डॅनिका, उबेत शिरून चक्क झोपली होती. भुवई थरथरत नव्हती. शिक्षणाचा मागमूस नव्हता.

चाकं परत येत होती. वर्नाने हिशेब केला. डोळे मिटलेले ठेवले तर दृश्य वाया, शनिवारी पुन्हा, मग डॅनिका ताजीतवानी. उघडले तर... जिल्हे मोजायला वेळ नव्हता. तिने डोळे उघडले.

आधी नुसता उजेड. मग रॉल्फचं डोकं, वरून, आणि टोपाची शिवण. तिने नुसतं ऐकलेलं आज जवळून पाहिलं. रॉल्फला काहीतरी बदलल्याचं जाणवलं असावं. त्याने मान वर केली, आणि उघड्या डोळ्यांशी नजर भिडताच तो असा दचकला की खुर्ची मागे सरकली.

वर्नाचं वाक्य तयार होतं.

“ती खिडकी बंद करा,” डेल्फिन व्हिटकॉम म्हणाली. “अकरा वर्षं माझ्या कानात वारा जातोय.”

रॉल्फ संहितेत नसलेला एक शब्द बोलला, तो पुढे कापावा लागला. मग ओरडला, “ऐकलंय! हिने सगळं ऐकलंय!” आणि दोन्ही हातांनी डोकं झाकून धडपडत उठला, खिडकीपाशी गेला, ती ओढून बंद केली आणि तिला टेकून हुंदके देऊ लागला. त्याच्या सगळ्या आयुष्यातला तो सर्वांत चांगला अभिनय होता, आणि त्यात अभिनय मुळीच नव्हता.

“कट,” गस पुटपुटला. घड्याळाकडे पाहून मग घसा फोडून ओरडला, “सहा! जेवण!”

माणसं जेवायला गेली. लेलंड खाटेपाशी येऊन उभा राहिला. “हे काय केलंस, डार्लिंग?”

“जागी झाले,” वर्ना म्हणाली. “हळू बोल. मूल झोपलंय.”

दुसरी प्रत नव्हती, आणि शनिवारी लेलंडचा गोल्फ होता. सोमवारी तेच दृश्य दाखवलं गेलं. वर्ना ओफेलियाच्या घरी, तिच्या सोफ्यावर बसून बघत होती. गंमत अशी झाली, की सुरुवातीची घोषणा आठवड्यापूर्वीच वाहिनीकडे न्यूयॉर्कला गेली होती, आणि ती काढून टाकायचं कुणाला सुचलं नाही. गंभीर आवाज म्हणाला, “डेल्फिन व्हिटकॉमची भूमिका आजपासून डॅनिका फॉस करीत आहेत.” आणि वर्नाने डोळे उघडले.

पत्रं आली, पोत्यांनी. नेब्रास्काच्या एका बाईंनी लिहिलं होतं: ‘नवी मुलगी उत्तम आहे. जुन्या डेल्फिनशी तिचं इतकं साम्य आहे की आम्ही सगळे चाट पडलो. तुम्ही अशी कुठून शोधून आणता?’

“लोकांना नवी मुलगी आवडलीय,” लेलंड म्हणाला.

“लेलंड, नवी मुलगी मी आहे.”

“तेच म्हणतोय ना! मग बदलायचं कशाला?”

तेव्हापासून मालिकेच्या शेवटी डेल्फिनपुढे डॅनिका फॉस हे नाव येऊ लागलं, आणि वर्नाने आक्षेप घेतला नाही. डोळे मिळाले, तोंड मिळालं, नाव गेलं. बेरीज तिच्या बाजूचीच होती. खऱ्या डॅनिकाला लेखिकेने डेल्फिनची हरवलेली लेक केलं, घोड्यावरून पाडलं आणि त्याच खाटेवर ठेवलं, कारण गावातल्या गुपितांना कुठेतरी जागा लागणारच. ती तिथे गाढ झोपे. आजीने मेणबत्ती चालू ठेवली.

एवढं सगळं मनासारखं झालं, आणि वर्नाला एकटं वाटू लागलं. ती आली की माणसं बोलायची थांबत. केक बंद झाले. गस नुसता मान हलवी. कुणी तिच्याजवळ बसत नसे. बसलंच तर हवेबद्दल बोले, आणि बरबँकची हवा रोज एकच असते.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी ती कँटीनच्या कोपऱ्यात बसली. समोर टूनाचं सॅलड होतं. तिने काटा खाली ठेवला, मान मागे टेकली, डोळे मिटले. पोटाने श्वास घेऊ लागली. मिनिटभरात शेजारची खुर्ची सरकली.

“वर्ना,” रॉल्फचा आवाज आला, “कुणाला सांगू नकोस, पण...”

“थांब,” वर्ना डोळे न उघडता म्हणाली. “आधी माझं ऐक.”

डोळे मिटलेल्या बाजूने आलेलं बोलणं रॉल्फने कधी ऐकलंच नव्हतं. त्याने क्षणभर इकडेतिकडे पाहिलं, टोप सारखा केला, मान खुर्चीवर टेकली आणि डोळे मिटून घेतले.